बरीआ

त्या शुक्रवारी हिंदी कॅसेटी सगळ्या गेल्या होत्या, म्हणून दुकानदाराने आमच्या गळ्यात एक जुना इटालियन भयपट मारला. दुबईजवळच्या अजमानमधल्या खोलीत आम्ही सहा जण, सगळे कोकणातले, साइटवर सेंटरिंगच्या कामाला. दुपारचं जेवण उरकून चटईवर पसरलो. भाषा इटालियन, खाली अक्षरं अरबी. कळणार काय, कप्पाळ!

गाव मात्र कळलं. मला वाटायचं, इटलीत सगळे सूटबूटवाले. इथे उघडे डोंगर, भेगाळलेल्या टाचा, डोक्यावर काळे रुमाल बांधलेल्या बायका. गावात एकामागून एक माणसं मरत होती. आणि वेशीबाहेर एक बाई एकटी राहायची, झाडपाला द्यायची. आम्ही लगेच ठरवलं, हीच ती चेटकीण! गावकऱ्यांनी तिला दगडांनी मारलं तेव्हा आम्ही शिट्ट्या वाजवल्या. सगळ्यात मोठी माझी.

का ते सांगतो. माझी विधवा चुलती अशीच. आमच्या पडवीत राहायची, लोकांना काढे द्यायची. माझ्या पोराचा ताप हटेना, तेव्हा वाडीवाले म्हणाले, हिनेच करणी केली. बायकोने पत्र लिहवून घेऊन विचारलं, काय करू? घर माझं, शब्द माझा. मी लिहून टाकलं, काढ तिला बाहेर, कुठे जाते ते विचारू नको. पत्र टाकून पंधरा दिवस झाले होते.

तेवढ्यात शेजारच्या खोलीतले दापोलीचे चाचा दारात येऊन उभे राहिले. ते ऑफिसात अरबी टायपिंग करायचे. पडद्यावर बाई मरून पडलेली, शेजारी पोलीस काहीतरी बोलत होता. चाचांनी खालची ओळ वाचली. त्यातला शेवटचा शब्द मला ऐकू आला, "बरीआ."

"कसली बरी आहे, चाचा? मेली की!" मी हसलो.

"बरी नव्हे रे गाढवा, बरीआ. म्हणजे निर्दोष. हिने काहीच केलं नव्हतं, असं म्हणतोय तो."

"मग खरा कोण?" एकाने विचारलं. "यल्ला, बघू पुढे."

मला पुढचं काही दिसलं नाही. लाज वाटली, भीतीही. चपला अडकवून टेलिफोन बूथवर पळालो. गावात फोन फक्त दुकानात होता. बायकोला बोलावून आणेपर्यंत अर्धं कार्ड खलास.

"काकीला काढू नको," मी ओरडलो. "माझं चुकलं. राहू दे तिला."

"काकी गेली की. पोराचा ताप उतरला होता, तरी गेली. मास्तरांनी पत्र वाचलं तेव्हा तीही तिथेच बसलेली. उठली आणि बोचकं बांधलं."

"कुठे गेली?"

"तुम्हीच लिहिलं होतं ना, विचारू नको म्हणून."