पंक्चरच्या दुकानावरचे तीन वकील

पंक्चरच्या दुकानात जुन्या ट्यूबा कधी संपत नाहीत. अब्बा एक कापून वापरतात, तोवर दोन येऊन पडतात. दुकानावरच्या खोलीतल्या गोष्टींचंही तसंच. एक सांगून होईपर्यंत दुसरी आठवते.

आमचं दुकान नसरापूरला आहे. वरच्या खोलीत गेलं वर्षभर तिघं अभ्यास करायची. माझी मोठी बहीण नसीमा आपा, मार्गासनीची कोमलताई आणि शिवऱ्याचा ओंकारदादा. तिघांची कायद्याची पदवी झालेली. पण पदवीनंतर वकिलीची आणखी एक परीक्षा असते. ती पास झाल्याशिवाय कोर्टात कायमची वकिली करता येत नाही. आपा पहिल्या खेपेला चार गुणांनी राहिली होती.

मी दहावीत. वही घेऊन कोपऱ्यात बसायचे. बोलायचे नाही, त्यामुळे मला कुणी उठवायचं नाही.

*

अब्बांना ही परीक्षा कधी पटली नाही. चहा घेऊन वर आले की विचारायचे, "पाच वर्सं कालेजात काढली. आता परत कसली परीक्षा? म्या पंक्चर काढायला लागलो तवा कुणी घेतली व्हती?"

कोमलताई म्हणाली, "घेतली की चाचा. तुमी पहिलं चाक करून दिलंत, ती गाडी कात्रजचा घाट चढली का न्हाई? तीच तुमची परीक्षा. आमची घाटाआधी घेतात, एवढंच."

अब्बा रिकामे कप उचलून खाली निघाले. अर्ध्या जिन्यातून आवाज आला, "पयली घाटाआधी शिंदेवाडीलाच बसली व्हती. दुसरी चढली."

त्या दिवशी आपा बऱ्याच दिवसांनी हसली.

*

कोमलताईला गावात आधीपासूनच 'वकीलबाई' म्हणतात. एकदा बांधावरून भांडणारे एक आजोबा तिच्या ओट्यावर येऊन बसले.

"आबा, मला अजून सल्ला द्यायची मुभा न्हाई. परीक्षा व्हायचीय."

"सल्ला नगं. ऐकून तर घेशील?"

तिनं तासभर ऐकलं. उठताना आजोबा म्हणाले, "लई हलकं वाटलं."

दुसऱ्या दिवशी ज्यांच्याशी भांडण होतं ते धाकटे भाऊ आले. "दादाचं ऐकलंस, आता माझं ऐक." तिनं त्यांचंही ऐकलं.

तिसऱ्या दिवशी दोघं एकदम हजर. "परीक्षा कवा हाय तुझी?"

कोमलताई घाबरली. तिनं तारीख सांगितली.

"बरं. तवर भांडाण थांबवलंय. नीट अभ्यास कर."

*

ओंकारदादाचं दुःख वेगळं. त्यानं कॉलेजात फौजदारी कायद्याची कलमं तोंडपाठ केली, आणि पदवी हातात येईपर्यंत कायदाच नवा आला. सगळे आकडे बदलले.

"खून पूर्वी तीनशे दोन होता, आता एकशे तीन," तो भिंतीकडे बघत घोकायचा. "फसवणूक तीनशे अठरा."

त्याच्या वडिलांचं हायवेला रसाचं गुऱ्हाळ आहे. सुट्टीच्या दिवशी तो तिथंही घोकायचा. एकदा एक गिऱ्हाईक रस पिऊन, पैसे न देता मोटारीत बसायला लागलं. ओंकारदादा मागून ओरडला, "ओ साहेब, तीनशे अठरा!"

गिऱ्हाईक मागं वळून म्हणालं, "एवढा महाग?"

*

आता शेवटची गोष्ट.

या परीक्षेला कायद्याची पुस्तकं आत नेता येतात. अट एकच. पुस्तकात हातानं लिहिलेलं काही नको. मागच्या खेपेला आपानं मैत्रिणीची कोरी पुस्तकं नेली होती. या खेपेला ती मैत्रीणही परीक्षेला बसली. आणि आपाच्या पुस्तकांत पाच वर्षांच्या पेन्सिलीच्या टिपा, समासात मुंग्या चालल्यासारख्या. परीक्षा दोन दिवसांवर.

मी खोडरबर घेऊन बसले. पुसायच्या आधी प्रत्येक टीप वाचायचे, मग पुसायचे. अब्बा दुकान बंद करून वर आले. "मलाबी दे एक पुस्तक."

दुसरं खोडरबर नव्हतं. त्यांनी खाली जाऊन ट्यूबचा तुकडा कापून आणला. "रबर ते रबर."

पहिल्याच पानावर काळा फराटा उठला. तो पुसायला गेले तर शेजारी त्यांच्या अंगठ्याचा ठसा उमटला. साबणानं धुऊनही त्यांच्या बोटांतलं काळं कधी जात नाही. आपानं पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "असू द्या, अब्बा." त्या रात्री अब्बा जेवले नाहीत.

पुण्यात परीक्षेच्या दारावर तपासणाऱ्या सरांनी नेमकं तेच पान उघडलं. "ही कसली खूण?"

"माझ्या वडिलांचा अंगठा आहे, सर. पुसायला मदत करत होते."

सरांनी पान उजेडात धरलं. मागची पुढची पानं चाळली. मग पुस्तक तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, "जा."

निकाल लागला. तिघंही पास.

गेल्या आठवड्यात भोरची एक मुलगी पुढच्या परीक्षेसाठी आपाची पुस्तकं न्यायला आली. अब्बांनी गडबडीनं ते ठशाचं पुस्तक ओढून घेतलं. या वेळी खिशातून खरं खोडरबर काढलं.

आपानं त्यांचा हात धरला. "अब्बा, राहू द्या. ते तपासून पास झालंय."