टिलियार्डांच्या माश्यांना खोटं चालत नाही

क्वेनबरी गावात डॉर्कस टिलियार्ड खरं बोलण्याबद्दल प्रसिद्ध होती, पण त्यात तिचं कौतुक कुणाला फारसं नव्हतं. जिच्या परसात अकरा टोपल्या भरून मधमाश्या आहेत, आणि त्या माश्यांना खोटं खपत नाही, ती बाई खरं बोलणार नाही तर काय करणार?

तशी माश्यांना बातमी सगळं गावच द्यायचं. दाराची किल्ली घ्यायची, पेंढ्याच्या टोपलीवर तीनदा वाजवायची आणि हलक्या आवाजात घरात काय घडलं ते सांगायचं. कुणी गेलं तर टोपलीला काळं फडकं, लग्न ठरलं तर पांढरी फीत. सांगायचं राहिलं तर माश्या रुसतात, एवढंच. टिलियार्डांच्या माश्या मात्र जरा जास्त शिकलेल्या. त्यांना सांगितलेलं खरंही असावं लागे.

डॉर्कसच्या वडिलांनी एकदा त्यांना सांगितलं, "आजपासून दारू सोडली," आणि तिथून ते थेट गुत्त्यात गेले. तासाभरात अकराही टोपल्या रिकाम्या, आणि माश्या चर्चच्या घंटेवर! म्हाताऱ्याने माफी मागितली, पाद्रीबुवांनी शिडीवर चढून रदबदली केली. त्यांना दोन डंख मिळाले. माश्या ढिम्म. म्हाताऱ्याने खरोखर दारू सोडली तेव्हा दहाव्या दिवशी त्या घरी आल्या. तेवढे दहा दिवस घंटा वाजवता येईना, आणि गावात प्रार्थनेला प्रत्येकजण आपापल्या वेळेला आला. म्हातारा पुढे मरेपर्यंत म्हणायचा, "माझी बायको बरी होती. तिला निदान थाप मारता यायची."

अशा घरात वाढलेली डॉर्कस अडतीस वर्षांची झाली तरी तिचं लग्न जमलं नव्हतं. विसाव्या वर्षी एका नाचात एका देखण्या तरुणाने तिला विचारलं होतं, "मी कसा नाचतो?" तिने सांगितलं. तो पुढच्याच महिन्यात सैन्यात भरती झाला.

मग फ्रान्सशी तह होण्याच्या आधीच्या शरद ऋतूत नव्या रस्त्याची मोजणी करायला मिस्टर अँब्रोज पेलो गावात आले. वय एकेचाळीस, अंग सडपातळ, खांद्यावर पितळी दुर्बिणीची तिपाई आणि हातात लोखंडी साखळी. बोलणंही साखळीने मोजल्यासारखं, दर चार शब्दांना थांबून. आल्याआल्या त्यांना खोकला झाला आणि ते डॉर्कसच्या दारात मध घ्यायला आले. खोकला आठवड्यात गेला. पेलो मात्र येत राहिले.

"खोकला कसा आहे?" डॉर्कस विचारायची.

"बरा आहे. म्हणजे... पुन्हा होईलसं वाटतं."

"कधी?"

"मंगळवारी," पेलो टोपी हातात फिरवत सांगायचे.

मंगळवारी ते यायचे. डॉर्कस त्या दिवशी नवी टोपी घालायची, आणि टोपी नवी का, असं विचारायला गावात कुणी उरलं नव्हतं, कारण ते सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त पेलोंना. हिवाळा गेला, सफरचंदाला मोहोर आला, आणि प्रकरण मधाच्या पुढे इंचभर सरकलं नाही.

मे महिन्यातल्या एका सोमवारी पेलोंची घरमालकीण मिसेस ग्राइस परसातून धापा टाकत आली.

"डॉर्कस! अगं ए डॉर्कस! हातातलं ठेव आधी. आमचा भाडेकरू काल पाद्रीबुवांना विचारत होता, तीन रविवार चर्चमध्ये जाहीर करावं लागतं, तर येत्या रविवारपासून सुरू केलं तर चालेल का म्हणून!"

"कुणाचं जाहीर?"

"कुणाचं म्हणून काय विचारतेस, बये! चाळीस बरण्या मध माझ्या कपाटात पडलाय तो काय पाद्रीबुवांसाठी? त्याला मध आवडतसुद्धा नाही. माझी पांघरुणं चिकट झाली, पण म्हटलं, जाऊ दे, पोरीचं भलं होतंय."

आता तीन रविवार चर्चमध्ये जाहीर होतं ते लग्न, एवढं दुधपित्या पोरालाही कळतं. पाद्रीबुवा नावं वाचतात, कुणाची हरकत आहे का विचारतात, आणि चौथ्या आठवड्यात लग्न लागतं. डॉर्कसला वाटलं, या माणसाला मला विचारायचा धीर होत नाही, म्हणून बिचाऱ्याने दुसऱ्या टोकाकडून मोजायला घेतलं. आनंदाने तिचे पाय जमिनीला लागेनात. तिने किल्ली घेतली आणि अकरा टोपल्यांवर तीनतीनदा वाजवून सांगितलं, "माझं लग्न ठरलंय. मिस्टर पेलोंशी." वर अकरा पांढऱ्या फिती बांधल्या. माश्या त्या दिवशी चर्चमधल्या गायकांसारख्या गुणगुणल्या; गायकांपेक्षा सुरात.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. पेलो आले, पण मध मागितला नाही.

"काम संपलं," ते म्हणाले. "रस्त्याची नोटीस आता... तीन रविवार चर्चच्या दारावर लागेल. तशी रीत आहे. उद्या-परवा जमीनदारसाहेबांना नकाशा द्यायचा. शुक्रवारच्या गाडीने श्रॉपशरला. तिथे दुसरा रस्ता आहे."

डॉर्कसच्या कानात माश्या शिरल्यासारखं झालं. लग्नाखेरीज आणखी काय तीन रविवार जाहीर होतं, तर रस्ता! ते मात्र दुधपित्या पोराला कुणी शिकवलेलं नसतं.

पेलोंचं लक्ष फितींकडे गेलं. आठ महिने गावात काढलेला माणूस तो, पांढऱ्या फितीचा अर्थ त्यांना पाठ होता. ते पांढरे पडले.

"अभिनंदन, मिस टिलियार्ड," ते म्हणाले. या वेळी एका दमात. आणि निघून गेले.

डॉर्कसने संध्याकाळपर्यंत माश्यांना तीनदा खरं सांगायचा प्रयत्न केला. पण टिलियार्डांच्या माश्या माफी घेत नाहीत, हे तिला वडिलांपासून माहीत होतं. खोटं मागे घेता येत नाही. ते खरं तरी करून दाखवावं लागतं, नाहीतर माश्या जातात. त्या गेल्या की मध गेला, मेण गेलं, आणि चूल पेटायची बंद झाली. पेलो गेले की काय जाईल, हा विचार तिने केलाच नाही. म्हणजे दिवसरात्र दुसरा कुठला केला नाही.

दारूची थाप तासाभरात पकडता येते, लग्नाला माश्यांनी दोन दिवस दिले; गुरुवारी भर दुपारी मोहोळ उठलं. अकराही टोपल्या एकदम. आभाळ काळवंडलं.

डॉर्कसने पितळी पातेलं उचललं, किल्ली उचलली, आणि ठणाणा वाजवत मागे धावली. कायदाच आहे तसा. आपल्या उठलेल्या माश्यांमागे भांडं वाजवत जाणाऱ्याला कुठल्याही फाटकातून आत जाता येतं. भांडं थांबलं की हक्क संपला. मग माश्या ज्याच्या जमिनीवर बसतील त्याच्या.

माश्यांनी जमीनदारांची भिंत ओलांडली. आत हिरवळीवर जमीनदारांच्या पत्नी लेडी ऑर्सेट यांची मेजवानी चालली होती. रेशमी छत्र्या, स्ट्रॉबेऱ्या, बर्फात थिजवलेली लिंबाची मलई आणि लंडनहून आलेले पाहुणे. एका बाजूला पेलो नकाशा पसरून उभे होते. माश्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. त्या थेट पेलोंच्या तिपाईवर बसल्या, इतक्या की दुर्बीण दिसेना. मागोमाग फाटकातून डॉर्कस आली. टोपी तिरकी, तोंड लाल, ठण ठण ठण.

"हा काय तमाशा आहे?" लेडी ऑर्सेट ओरडल्या.

"माझ्या माश्या आहेत, बाईसाहेब! वाजवतेय तोवर माझ्या!"

"मग वाजवा. दमाल तेव्हा सांगा. माझ्या बागेत अकरा मोहोळं फार शोभतील," असं म्हणून बाईसाहेबांनी खुर्ची जवळ ओढून घेतली. त्यांचा कारभारी स्प्रेक हात चोळत शेजारी उभा राहिला.

पेलो तिपाईपासून हातभर अंतरावर थांबले. "मिस टिलियार्ड, यांना झालं काय?"

"मी त्यांना खोटं सांगितलं!" ठण ठण. "माझं लग्न ठरलंय म्हणून!"

"मोडलं?"

"ठरलंच नव्हतं!"

"कुणाशी ठरलं नव्हतं?"

लंडनच्या एका पाहुण्याने खाता खाता चमचा थांबवला. वाजवून वाजवून डॉर्कसचा खांदा भरून आला होता. हे सांगायला आवाज खाली आणायला हवा होता, आणि पातेल्यापुढे खालचा आवाज ऐकू जाणं शक्य नव्हतं. थांबली तर माश्या जाणार. न बोलली तर शुक्रवारची गाडी जाणार.

पेलोंनी हात पुढे केला. "ते इकडे द्या. तुम्ही बोला, मी वाजवतो."

एका ठोक्याचीही खळ न पडता पातेलं त्या हातातून या हातात गेलं. पेलो वाजवायला लागले, अगदी मोजून, सारख्या अंतराने. दोन ठोक्यांमध्ये एका माणसाला एक वाक्य बोलता येईल इतक्या अंतराने.

"तुमच्याशी," डॉर्कस म्हणाली. "मिसेस ग्राइस म्हणाली तीन रविवार. मला वाटलं तुम्ही... मी फिती बांधून मोकळी झाले. माझीच चूक. मला तसं व्हावंसं वाटत होतं, म्हणून पटकन पटलं."

ठण.

"बाईसाहेब, हक्क संपला!" स्प्रेक उडी मारून म्हणाला. "भांडं माश्यांच्या घरच्याच माणसाने वाजवायला हवं. हे गृहस्थ परके आहेत!"

"परका कोण?" पेलो हात न थांबवता म्हणाले. "मी घरचाच आहे."

"कालपर्यंत तर नव्हतात!"

"कालपर्यंत मला कुणी सांगितलं नव्हतं."

सगळे माश्यांकडे पाहत होते, कारण टिलियार्डांच्या माश्यांपुढे कुणीतरी पुन्हा एक वाक्य बोलून गेला होता, आणि ते थाप असेल तर आता त्या परगण्याबाहेरच जाणार, हे लंडनच्या पाहुण्यांना सोडून सर्वांना कळत होतं. तिपाईवरची गुणगुण एकदा चढली. मग उतरत उतरत इतकी खाली आली की मांजर झोपल्यासारखी वाटली.

"पटलं त्यांना," डॉर्कस कुजबुजली. तिला स्वतःला पटायला आणखी चार ठोके लागले.

"काय गं बाई," लेडी ऑर्सेट नाक पुसत म्हणाल्या. त्यांना माश्या हव्या होत्या, पण लग्नं त्याहून जास्त आवडायची. "स्प्रेक, फाटक उघड. आणि श्रॉपशरला कुणीतरी पत्र लिहा."

थोड्या वेळाने माश्या उठल्या आणि सावकाश घराकडे निघाल्या. त्यांच्यामागे पेलो पातेलं वाजवत, आणि पेलोंच्या शेजारी डॉर्कस, खांद्यावर तिपाई घेऊन.

"केवढी जड आहे हो ही!" ती म्हणाली. "ही घेऊन तुम्ही रोज माझ्या दारावरून जायचात? मिसेस ग्राइसकडे चर्चच्या बाजूने जवळ पडतं की."

"माहीत आहे," पेलो म्हणाले. "मीच मोजलंय. तुमच्या दारावरून चारशे बारा पावलं जास्त पडतात."