गुरुदत्त आंगणेचं नाक

करी रोडच्या त्या चाळीत तिसऱ्या माळ्यावर गुरुदत्त आंगणे राहतो. वय एकसष्ट. अंगाने सुक्या बोंबलासारखा, आणि हाताच्या रेषांत ग्रीस असं मुरलेलं की कुणाच्या लग्नाला परीटघडीचा सदरा घालून गेला तरी हात तेवढे वर्कशॉपातलेच. चाळीस वर्षं फिटर म्हणून काढली, पण नाव झालं ते हातांमुळे नाही, नाकामुळे. मोटारीची कॉइल धुमसायच्या आधी हा शेडच्या पलीकडून यायचा आणि बटण दाबून मशीन बंद करायचा. कारागीर त्याला कुत्रा म्हणायचे. त्याला ते मानाचं वाटायचं.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तो पंधरा दिवस पडून होता. ताप उतरला, खोकला गेला, पण वास गेला तो काही परतला नाही. त्याची बायको लक्ष्मी रोज सकाळी त्याच्या नाकाशी कधी लसूण, कधी सुका जवळा धरायची.

"काय येतंय काय ओ?"

"नाय."

असं दोन महिने चाललं. एके दिवशी तिचा चेहरा बघून त्याच्याने राहवलं नाही. म्हणाला, "आला. वायच आला." लक्ष्मीने देवापुढे नारळ फोडला. मग त्या नारळाचं खोबरं खाऊन पुन्हा नाही कसं म्हणायचं?

तेव्हापासून तो घर कानांनी हुंगायला शिकला. मोहरीची तडतड वेगळी, लसणीची चरचर वेगळी. केराच्या डब्यात कोलंबीची सालं दिसली की म्हणायचा, "आज कोलंबी काय गो? जिन्यापर्यंत वास येतोय." लक्ष्मी खूश व्हायची. दूध करपलं तर टीव्ही बघत होतो म्हणायचं. पण एकदा चहा उतू जाऊन गॅस विझला, बटण तसंच चालू, आणि हा शेजारी बसून पेपर वाचत होता. पोळीभाजी केंद्रातून लक्ष्मी परत आली ती दारातूनच पदर नाकाला लावून धावली. "झोप लागली होती," तो म्हणाला. झोप त्यानंतर गेली. अंथरुणातून उठून तो गॅसचं बटण चाचपून यायचा, पुन्हा आडवा व्हायचा, आणि हाताला लागलं ते बंदच होतं ना, म्हणून पुन्हा उठायचा.

असल्या माणसाने स्कूटरच्या नादी लागायला नको होतं. पण वर्कशॉप बंद झालं तेव्हा मालकाने कोपऱ्यात गंजत पडलेली लॅम्ब्रेटा त्याला दिली. शहात्तरची. मडगार्डात उंदराचं घर, सीटचा काथ्या झालेला. गुरुदत्तला ती बघून भूक लागल्यासारखं झालं. चौघांनी मिळून सांगाडा वर आणला, इंजिन गोणपाटात बांधून त्याने स्वतःच्या पाठीवर आणलं, आणि गॅलरीच्या टोकाला, त्याच्या दारापुढे, ताडपत्रीखाली स्कूटर उभी राहिली.

चाळ कमिटीचा सेक्रेटरी रमाकांत तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाला होता, "दुसऱ्या कुणाला मी परवानगी दिली नसती. पण गुऱ्याचं नाक आहे. काय गळलं, सांडलं तर आपल्या आधी त्याला कळणार. पेट्रोल मात्र वर आणायचं नाय."

"नाय आणणार," गुरुदत्त म्हणाला. नाकाचं खरं सांगायचं होतं ते तिथेच सांगायचं. पण स्कूटर गॅलरीत होती आणि लोक कौतुकाने बघत होते. त्याने ताडपत्रीच्या दोऱ्या आवळल्या.

आठ महिने त्याने त्या यंत्रावर काढले. पत्र्याचा गंज खरवडला, पोचे आतून लाकडी हातोडीने ठोकून काढले, पिस्टन बाहेर काढून नवी रिंग बसवली. सुटे भाग धुवायला रॉकेल होतंच. रेशनवर मिळायचं तेव्हाचा निळ्या रॉकेलचा एक डबा त्याने पोटमाळ्यावर जपून ठेवलेला. त्यातलं थोडं सोड्याच्या बाटलीत काढायचं आणि वापरायचं.

शेवटी कार्बोरेटर राहिला. तो गळतो की नाही हे पेट्रोल घातल्याशिवाय कळत नाही. खाली नेऊन बघता आलं असतं. पण तीन जिने, गुडघे, आणि खालच्या पोरांचे शंभर सवाल. त्याने त्याच माळ्यावरच्या मयूरला गाठलं. मयूरने आपल्या बाइकमधून अर्धा लिटर काढून दिलं. "काका, रमाकांतकाकाला बोलू नका हां, मला सोलेल तो." या जुन्या गाड्यांना पेट्रोलातच ऑइल मिसळून द्यावं लागतं, आणि गुरुदत्तकडचं ऑइल निळं. मिसळलं, बाटली हलवली आणि उजेडात धरली. रॉकेलची सख्खी बहीण. बाटलीही तसलीच, सोड्याची.

पूर्वी असल्या दहा बाटल्या रांगेत असत्या तरी बूच उघडून त्याने डोळे मिटून सांगितलं असतं. आता काय करायचं? चिठ्ठी चिकटवली तर लक्ष्मी विचारणार, नाक असताना चिठ्ठी कशाला? म्हणून मागच्या खिडकीच्या जाळीत त्याने दोन्ही ठेवल्या. डावीकडे पेट्रोल, उजवीकडे रॉकेल. डावी पेट्रोल, डावी पेट्रोल, असं घोकत तो झोपला.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास तो गॅलरीत पाटावर बसून कार्बोरेटरची सुई बसवत होता. पाण्याची वेळ. गॅलरीभर पिंपं, बादल्या, पाइप. सात दारं पलीकडच्या मयूरच्या खोलीतून नलूमावशी आली. चौऱ्याहत्तरची बाई, पण चाळीतली निम्मी पोरं तिने पायावर घेऊन न्हाऊ घातलेली. सध्या ती मयूरच्या बायकोचं, रुपालीचं बाळंतपण करत होती. पोरगी बारा दिवसांची. रुपालीचं माहेर कणकवलीला, आणि डॉक्टरांनी प्रवास नको म्हणून सांगितलेलं.

"गुऱ्या, वायच रॉकेल दी. कोळसे पेटनत नाय. शेक देवचो आसा."

"डॉक्टर नको म्हणतात ना धुरी?"

"डॉक्टराच्या आवशीन त्येका शेकलान म्हणान तो डॉक्टर झालो. दी तू."

त्याच्या चिमट्यात सुई होती आणि नजर सुईवर. "खिडकीत बाटल्या आहेत बघ. उजवीकडची घे."

ती आत जाऊन बाटली घेऊन गेली. सुई बसली. आता कार्बोरेटरची वाटी एकदा धुवावी, मग पेट्रोल घालून बघावं, म्हणून तो उठला. जाळीत एक बाटली उरली होती. तिच्या शेजारी लक्ष्मीच्या दोन उशा उन्हात पसरलेल्या.

उशा काल नव्हत्या.

म्हणजे लक्ष्मीने सकाळी कामावर जाण्याआधी बाटल्या उचलल्या, उशा घातल्या, आणि बाटल्या परत ठेवल्या. कशा ठेवल्या? त्याने उरलेल्या बाटलीचं बूच काढून नाकाशी नेलं. चाळीस वर्षांची सवय. नळाचं पाणी हुंगावं तसं झालं.

मग त्याने चार थेंब हाताच्या पालथ्या बाजूवर ओतले. पेट्रोल असतं तर कातडीला बर्फासारखं गार लागलं असतं आणि बघता बघता उडून ऑइलचा पुसट थर तेवढा उरला असता. हे गार लागलं नाही. ओला डाग तसाच बसून राहिला. त्याने दुसऱ्या हातावर ओतलं. तिथेही तेच. फुंकर मारली. डाग हलेना. तिसऱ्यांदा ओतायला त्याने बाटली तिरकी केली, आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की तो खात्री करत नाही आहे, वेळ काढतो आहे. पहिल्या थेंबालाच कळलं होतं. हे रॉकेल. ते पेट्रोल.

तो गॅलरीत आला. तिसऱ्या दारापाशी रमाकांत पिंपात पाइप धरून उभा होता. आता ओरडलं तर सगळं बाहेर येणार. न ओरडता तिथवर पोचता येईल काय? हा हिशोब त्याच्या डोक्यात आला, ही गोष्ट त्याने नंतर कुणाला सांगितली नाही. पहिली तीन दारं तो मुकाट चालला, पिंपं चुकवत, रमाकांतला अंग चोरून बगल देत. चौथ्या दारापाशी त्याला रुपालीच्या खोलीतून खरचकन आवाज आला. काडीचा. काडी पेटली नव्हती. सर्दावलेली असावी. पुन्हा खरचकन.

"मावशी, पेटवू नको." तो असा ओरडला की चौथ्या दारातल्या अण्णांच्या हातातली कळशी खाली गेली. "काडी ओढू नको. पेट्रोल आहे ते."

ओल्या फरशीवर त्याचा पाय घसरला. गुडघा आपटला. तो तसाच दाराची चौकट धरून आत गेला.

गॅलरीत पाणी म्हणून मावशीने शेगडी आत मोरीत घेतली होती. कोळसे ओले, चकाकत होते. बाटली अर्धी झालेली, बूच बाजूला. चार हातांवर खाटेवर रुपाली, मांडीवर पोर, ताटलीत ओवा आणि बाळंतशेपा काढून ठेवलेल्या. मावशी उकिडवी, काडी पेटीच्या कडेला टेकवलेली. हात तसाच थांबलेला.

त्याने पेटी तिच्या हातातून ओढून पाण्याच्या बादलीत टाकली. काडीसुद्धा.

रुपाली उठली. "काका, पंखा लावते, वास जाईल."

"बटणाला हात लावू नको. कसल्याच बटणाला. पोरीला घे आणि बाहेर हो. लांब, जिन्यापर्यंत."

ती गेली. मावशीला त्याने दंडाला धरून उठवलं. मग सिलिंडरचा खटका बंद केला, खिडकी सताड उघडली, शेगडीवर ओला टॉवेल टाकला आणि ती उचलून निघाला. तीन जिने. वाटेत जो दिसेल त्याच्या हाताकडे तो आधी बघत होता, सिगरेट आहे काय, उदबत्ती आहे काय. हात लांब धरलेले. जिन्यात वाफ किती पसरते आहे, मागे राहते आहे की सोबत येते आहे, हे त्याच्याशिवाय सगळ्यांना कळत होतं. माणसं नाक दाबून भिंतीला चिकटत होती. त्यांच्या तोंडांवरून त्याला अंदाज घ्यावा लागत होता.

खाली मोकळ्यावर शेगडी ठेवून तो वर आला तेव्हा गॅलरीत सगळा माळा जमला होता. पाणी पिंपांतून वाहून चाललेलं, नळ कुणी बंद केला नव्हता.

रमाकांत म्हणाला, "पेट्रोल वर कुठून आलं?"

"मी आणलं." मयूरचं नाव त्याने घेतलं नाही.

"आणि मावशीला रॉकेल म्हणून दिलंस? तू?"

नलूमावशी पायरीवर बसली होती. ती म्हणाली, "माका वास इलो रे. पेट्रोलाचोच इलो. मी म्हटलंय, गुऱ्यान दिल्यान म्हणजे रॉकेलच आसतला. तेच्या नाकापुढे माझ्या म्हातारीचा नाक काय घेवन बसलंय?"

वास आलेली बाई गुरुदत्तच्या नावावर विसंबून काडी ओढत होती.

"मला वास येत नाय," तो म्हणाला. "आजाराला चार वर्षं झाली. तेव्हापासून नाय. कसलाच नाय."

जिन्याच्या तोंडाशी पोर रडायला लागली. रुपाली तिला थोपटत होती, पण बघत होती ती गुरुदत्तकडे. रागाने नव्हे. कुणाच्या हातात विस्तव आहे हे लक्षात ठेवावं, तसं.

"चार वर्षां?" मावशी म्हणाली. "मेल्या, परवा माझ्या तिसऱ्यांच्या आमटीची तारीफ केलंस ती?"

"शिंपल्या बघितल्या होत्या."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

रमाकांतने पाइप गुंडाळायला घेतला. "गाडी आज खाली जाईल. अंगणात ठेव, ताडपत्री टाक, तिथे बसून काय ते कर. उघड्यावर. वर थेंब नाय, बाटली नाय. आणि गुऱ्या, चार वर्षं घरात गॅस आहे तुझ्या. आमच्या डोक्यावर चौथा माळा आहे."

"कळतं मला."

"तुला कळत नाय, तीच तर भानगड आहे."

त्याने इंजिनाचे बोल्ट स्वतः सोडले, ते गोणपाटात बांधलं, आणि सांगाडा नेणाऱ्या चौघांच्या मागे पायऱ्या उतरला. कार्बोरेटरची सुई बरोबर बसली होती की नाही हे बघायचं राहूनच गेलं.

लक्ष्मी दोनला आली. खालच्या पानवाल्यापासून वरच्या पायरीपर्यंत तिला सगळं कळत आलं होतं. तिने पर्स खुंटीला लावली. आधी गॅसच्या नळीशी वाकली, हुंगली. मग मोरी. मग खिडकीची जाळी, दोन्ही उशा, खाटेखालचं गोणपाट. कपाट उघडून त्याचे सदरे एकेक करून नाकाशी नेले. गुरुदत्त पाटावर बसून तिच्या तोंडाकडे बघत होता. कपाळाला आठी पडली की त्याचा श्वास अडायचा. आठी गेली की सुटायचा.

"आजपासून मी घरात नसताना गॅस पेटवायचा नाय," ती म्हणाली. "चहासुद्धा नाय."

"बरं."

"नारळ फोडला होता ओ मी."

तिच्या हातून निसटलेला एक सदरा त्याने उचलून तिच्यापुढे धरला.

"हात दाखवा."

त्याने पुढे केले. तिने वाकून हुंगले आणि तोंड फिरवलं. "धुवा."

तो मोरीत गेला, साबण लावला, घासले, आणून दाखवले.

"येतोय अजून. धुवा."

तो पुन्हा गेला. या खेपेला नखं घासली, कोपरापर्यंत घासलं, मग थांबला. पुरे झालं की नाही, हे त्याला कशावरून कळणार? ओले हात तसेच पुढे धरून तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

लक्ष्मीने हुंगलं.

"अजून," ती म्हणाली.