फोटोतला दादा

दत्तादादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढत होते. त्याच्या पोराचा, अमोलचा, आवाज फाटला होता. "आत्या, पप्पा गेले. दुकानातच गेले..." मी बरं म्हणाले, राहिलेल्या पोरांना वाढलं, पातेलं झाकलं आणि मगच मंठ्याची गाडी धरली. सख्खा भाऊ होता, पण गाडीत डोळ्यांत टिपूस आलं नाही. का आलं नाही ते आज महिन्यानं सांगायला बसले आहे. मी त्याच्याबद्दल चांगलं तेवढंच सांगेन असं कुणी समजू नये.

मंठ्याच्या बाजारात दादाचा फोटो स्टुडिओ होता. नाव मोठं, आत एक स्टूल, एक निळा पडदा आणि खिशात मावेल एवढा डिजिटल कॅमेरा. तो घेतला तेव्हा सगळ्या तालुक्यात आपणच राजे असा वागायचा. दोन लगीनसराया गेल्या आणि तोच कॅमेरा त्याला पुरेनासा झाला. लांबचे चेहरे पुसट यायचे, जवळचे फ्लॅशनं पांढरेफटक पडायचे, मांडवात अंधार असला की नवरी कुठली आणि करवली कुठली ते कळायचं नाही. मोठा कॅमेरा घ्यायचा घ्यायचा म्हणत राहिला आणि तोवर कॉम्प्युटरवर हात बसवला. अख्खं वऱ्हाड एका फोटोत मावत नसे, म्हणून तीन फोटो काढून जोडायचा. अशाच एका जोडकामात केदारखेड्याच्या एका मामांना तीन हात आले, तर हा उलट मामांनाच म्हणाला, तुम्ही हललात कशाला? मिटलेले डोळे दुसऱ्या फोटोतून आणून बसवायचा. भांडून माहेरी गेलेली सून काढून टाका म्हणत लोक यायचे, तीही काढायचा, चहा पीत पीत. "कॅमेऱ्याला जमत न्हाई ते मी करून राह्यलो," असं गिऱ्हाइकाला वर ऐकवायचा.

त्याचं स्वतःचं तोंड देवीच्या वणांनी भरलेलं होतं. लहानपणी देवी आल्या, जीव वाचला, खड्डे राहिले. त्याची त्याला लाज नव्हती. माझ्या फोटोला हात लावायचा न्हाई, लोकांनी मला वळखायचं कसं, असं हसत म्हणायचा. आणि मला कोड. हनुवटीपासून डाव्या गालापर्यंत चढलेलं.

सोयरिकीसाठी माझा फोटो पाठवायचा होता. त्या कॅमेऱ्याचा फ्लॅश पडला की कोडाचा तेवढाच भाग चमकायचा. दादानं पुन्हापुन्हा काढून बघितला, पडदा बदलला, मला तिरपं बसवलं. शेवटी म्हणाला, ऊठ, आता मी बघतो. संध्याकाळी फोटो घरी आणला तर त्यात कोड नव्हतंच. आई म्हणाली, अरे, पाहुण्यांना आधीच सांगून टाकू. मीही तेच म्हणाले. त्याचं एकच, एकदा येऊ तर दे, पोरगी हुशार हाय, बोलली की पसंत पडंल. आणि खरं सांगू का... तो फोटो मी उशाखाली घेऊन झोपले. इतकी सुंदर मी कधीच दिसले नव्हते.

भोकरदनकडचे पाहुणे आले. पोहे झाले, मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर गेले. मुलाच्या मावशीनं पर्समधून तो फोटो काढला, माझ्या तोंडाशेजारी धरला आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "ही न्हाई. फोटोतलीला बोलवा."

मुलगा मला आवडला होता, तेही सांगून टाकते. चहा तसाच राहिला आणि पाहुणे उठले. दादा त्यांना फाटकापर्यंत सोडून परत आला. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल, निदान माझ्याकडे बघेल. तो आईला म्हणाला, "जरा जास्तीच साफ झाला. पुढच्या टायमाला थोडं ठेवतो."

पुढचा टाइम मी येऊच दिला नाही. दादानं मात्र तो फोटो मूळच्या फोटोला जोडून, मोठा करून दुकानात लावला. डावीकडे कोडासकट मी, उजवीकडे साफ केलेली मी. सगळा बाजार बघत होता. मी जाऊन भांडले, तर त्यानं माझ्यासमोर डावी बाजू कापून टाकली आणि उजवी ठेवली. बहिणीचं ऐकलं म्हणून वर खूशही झाला. पोरींच्या आया यायच्या, त्या फोटोकडे बोट दाखवून अशी करून द्या म्हणायच्या. मी विचारलं, मंग तुझ्या तोंडाचे खड्डे का बुजवत न्हाईस? तर म्हणाला, "मी बाप्या हाय, सुमे. बाप्याचं तोंड कोण बघतं?" त्या दिवसापासून मी दुकानाची पायरी चढले नाही. राखी घरी जाऊन बांधायचे, तेवढंच.

मोठा कॅमेरा शेवटी अमोलनं घेतला. त्यानं काढलेला दादाचा फोटो तेराव्याला पाटावर ठेवला होता, हार घालून. त्यात खड्डा एकही नव्हता. घासलेल्या ताटासारखा लख्ख चेहरा. या कॅमेऱ्यात लई दिसत होतं म्हणून साफ केलं, असं अमोल म्हणाला, आणि पप्पांनीच शिकवलं हेही म्हणाला. सगळा गोतावळा बसलेला, वहिनी समोर. माझ्या तोंडातून निघून गेलं, "हा न्हाई. आमच्या दादाला बोलवा."

इतकी वर्षं ते वाक्य मी त्याच्यासाठी जपून ठेवलं होतं. कधीतरी त्याच्या तोंडावर फेकायचं होतं. ते बाहेर पडलं तेव्हा वहिनीनं तोंडाला पदर लावला आणि अमोल मान खाली घालून बसला, आणि मग माझ्या ध्यानात आलं की बोलवायला आता कुणी नाही. तेव्हा रडले. आवरता आवरेना इतकी रडले.

आता दुकानात एकाच भिंतीवर आम्ही दोघं आहोत, शेजारी शेजारी. परवा मी पायरी चढून आत गेले. माझ्या फोटोकडे बघितलंच नाही. दादाच्या फोटोवर गालापाशी बोट फिरवत राहिले. काच गुळगुळीत लागत होती.