कावळे राखायचं काम

भोकरदनच्या आमच्या गल्लीत एकी फार होती, असं गल्लीच सांगायची. गणपतीत भाषणाला येणाऱ्या पाहुण्याला तर ती पाच मिनिटांत दिसायची. मला दिसायला वेळ लागला, कारण मी गच्चीवर असायचे.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मी अकरा वर्षांची. वडील शिक्षक, बदलीवर आलेले, आणि गल्लीत बौद्धांचं घर आमचं एकच. उन्हाळ्यात पापडांच्या पाळ्या लागायच्या. ज्या घरची पाळी, तिथे सगळ्या बायका आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन जमायच्या. आई एकाही घरी जायची चुकली नाही. समोरच्या काकू गल्लीच्या पुढारीण, त्यांना कोणी निवडलं नव्हतं तरी. आई दारात दिसली की त्या गोड हसून म्हणायच्या, "बाई, तुम्ही वर बसा, कावळे राखा. खाली लई गर्दी होऊन राह्यली."

खाली तीन बायका असल्या तरी काकूंना गर्दी दिसायची. आई लाटणं पदराखाली धरून जिना चढायची, मागून मी. पिठाला आमचा हात लागू नये एवढीच ती भानगड होती, हे मलाही कळत होतं. मग भर उन्हात आम्ही दुसऱ्यांचे पापड राखायचो आणि खालचं हसणं ऐकायचो.

आमची पाळी आली. आईने पहाटे उठून उडदाचं पीठ भिजवलं, तेलाचा हात लावून कुटलं. दहा वाजले, अकरा वाजले, कोणी आलं नाही. एकीचा उपवास निघाला, एकीचं डोकं दुखलं. काकूंना म्हणे माहेरी जायचं होतं; त्या दिवसभर आपल्याच ओट्यावर गहू निवडत बसल्या होत्या. खोटं बोलायचं तर निदान आत तरी बसावं. पीठ उद्यापर्यंत राहणार नव्हतं. वडिलांनी शाळेतून येऊन जन्मात पहिल्यांदा लाटणं धरलं. तिघांनी दिवेलागणीपर्यंत लाटले. आईने त्यातले पाच-पाच घरोघर पाठवले. काकूंचे पाच मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या शेळीपुढे पाहिले. आईला सांगितलं, तर ती म्हणाली, शेळीला आवडले ना?

पावसाळ्यात काकूंच्या डब्यातल्या पापडांना बुरशी लागली, आणि नेमके त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे यायचे ठरले. गल्लीत दुसऱ्या कोणाकडे मागितलं असतं तर नाक खाली गेलं असतं. आमच्याकडे मागितल्याने नाक जात नसावं. त्या मागच्या दाराने आल्या.

मला वाटलं, आता आई बोलेल. आईने अख्खा डबा पुढे ठेवला आणि एवढंच म्हणाली, "न्या. पण पुढच्या उन्हाळ्यात माझ्या पाळीला लाटणं घेऊन यावं लागन. न्हाई आल्या, तर मी पुन्हा तुमच्या दारात न्हाई यायची."

पाहुण्यांनी पापड वाखाणले. घरचेच आहेत, असं काकूंनी सांगितल्याचं कानावर आलं. लग्न जमलं. आमच्या हाताचा बाट कुठे गेला, ते त्या शेळीलाच माहीत.

पुढच्या उन्हाळ्यात आईने पुन्हा पीठ कुटलं. मी म्हटलं, कोणी येत नाही. साडेदहाला काकू पुढच्या दाराने आल्या, हातात लाटणं, मागे आणखी तिघी. कुठे बसू, असं त्यांनी विचारलं. मी वर्षभर एकच वाक्य घोळवत होते.

"वर बसा, कावळे राखा," मी म्हणाले. "खाली गर्दी आहे."

काकूंचं तोंड उतरलं. त्या जिन्याकडे वळल्या. आईने त्यांचा हात धरला, पिठाच्या हातानेच, आणि आपल्या शेजारी पाट मांडला. मग माझ्याकडे बघून जिन्याकडे बोट दाखवलं.

त्या दिवशी कावळे मीच राखले. खालून हसणं येत होतं, त्यात आईचंही होतं. इतकी वर्षं झाली, मी काही चुकीचं बोलले असं मला अजून वाटत नाही. पण आईला तसं मोकळं हसताना मी भोकरदनमध्ये पहिल्यांदाच ऐकलं, आणि मी गच्चीवर होते.