वन्संची वाकडी खुर्ची

गेल्या शनिवारी रात्री बरोबर सव्वाआठ वाजता माझ्या नणंदेची खुर्ची सरळ करण्यात आली. न विचारता. वाचायला फारच क्षुल्लक वाटतंय ना? थांबा जरा...

ठिकाण, आमच्या कोथरूडमधली बाग. निमित्त, लाइट शो आणि गाण्यांवर नाचणारं कारंजं, तेही मोफत. आठवडाभर चौकाचौकांत फ्लेक्स होते. कारंजं खाली कोपऱ्यात, बाकी सगळे हात जोडलेले चेहरे.

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. वय ब्याऐंशी. हे गेल्यापासून आम्ही दोघी एकत्र राहतो, म्हणजे एकमेकींच्या चुका काढत राहतो.

त्यांच्या डोळ्यांचा पडदा खराब झालाय. समोर पाहिलं की मधोमध राखाडी डाग, जे काय दिसतं ते कडेनं. टीव्हीसुद्धा त्या फ्रिजकडे तोंड करून बघतात. डॉक्टर म्हणाले, ही कडही हळूहळू जाणार... अंधारातले झगझगीत रंग मात्र अजून कळतात.

आणि त्यांना रंगीत कारंजी बघायची होती. हौस फार जुनी. हे, म्हणजे वन्संचा सदा, दर वर्षी म्हणायचे, "ताई, रिटायर झालो की तुला म्हैसूरला नेतो, कारंजी दाखवतो." झाले रिटायर. पण म्हैसूरच्या आधी हॉस्पिटल आलं. तेव्हापासून आमच्याकडे ते नाव कुणी काढत नाही. म्हैसूरपाकसुद्धा येत नाही घरात.

मी फ्लेक्स वाचून दाखवला तेव्हा वन्संनी वार आणि वेळ दोनदा विचारून घेतली. मग म्हणाल्या, "सदाचं कारंजं दाराशी आलं म्हणायचं." आणि ठेवणीतली नारायणपेठी काढायला उठल्या.

शो साडेसातचा. आम्ही सातलाच पोहोचलो. अगदी कडेला एक प्लास्टिकची खुर्ची कारंज्याच्या हौदाला आडवी लावून घेतली आणि वन्सं बोगनवेलीकडे तोंड करून बसल्या.

शेजारच्या बाईंना राहवेना. "अहो आजी, कारंजं तिकडे आहे!"

"माहितीये," वन्सं म्हणाल्या. "बोगनवेल आमच्या सोसायटीतही आहे."

साडेसात वाजले... पाहुणे आले नव्हते. मग पाहुणे आले आणि सत्कार सुरू झाले. शाल, नारळ, पुष्पगुच्छ. मग सत्कार करणाऱ्यांचा सत्कार. हौदातलं पाणी निमूट पडून होतं.

बाग साडेआठला बंद होते. एरवी आम्हाला शिट्ट्या मारून हाकलतात, तेव्हा ही वेळ मला पाठ आहे. म्हणून मी वन्संना "हलू नका" सांगून थेट स्टेजपाशी गेले.

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे राग आला की मी इंग्रजीत जाते. संयोजकांपैकी एक गृहस्थ म्हणाले, "मॅडम, पुण्यात आहात, मराठीत बोला."

म्हटलं, "अहो, मराठीत बोलले तर तुम्हाला जास्त लागेल."

"कार्यक्रम फुकट आहे मॅडम. थोडं थांबायला काय होतं?"

काय होतं ते त्यांना सांगायला मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात पाहुण्यांनी बटण दाबलं. दिवे गेले. गाणं सुरू झालं आणि पाणी झाडांच्या शेंड्यांवर गेलं.

खोटं कशाला बोलू... सुंदर होतं. आधी जांभळं, मग लिंबासारखं पिवळं, मग दोन्ही रंग एकमेकांत वळलेले. वाऱ्यानं तुषार थेट तोंडावर येत होते.

मी परत जायला वळले तर मध्ये दोरी आणि दोरीमागे मोबाइल उंच धरलेली अख्खी गर्दी. त्यांच्या हातांमधून मला वन्सं दिसल्या. बिल्ला लावलेले एक स्वयंसेवक त्यांच्यापाशी वाकले, काहीतरी बोलले आणि त्यांना हात देऊन उठवलं. मग खुर्ची उचलून नीट हौदासमोर लावली, त्यांना पुन्हा बसवलं, खांद्यावर थोपटलं... आणि गेले.

मी ओरडले. लाउडस्पीकरपुढे माझं काय चालणार?

शो संपेपर्यंत वन्सं तशाच बसून होत्या. हात मांडीवर, मान ताठ, चष्म्यावर जांभळा रंग हलत होता. अगदी समोर बघत होत्या. म्हणजे त्या राखाडी डागाकडे.

मी पोहोचले तेव्हा शिट्ट्या सुरू झाल्या होत्या. म्हटलं, "वन्सं, सांगायचं नाही का त्याला? निदान मान तरी वळवायची!"

"अगं, 'आई, आता छान दिसेल' म्हणाला. मागे वळून वळून बघत होता, मला दिसतंय ना म्हणून. त्याच्यादेखत कशी मान फिरवू?"

माझ्या खुसपटं काढणाऱ्या, रिक्षावाल्याशी दिशेवरून भांडणाऱ्या वन्सं... कुणी आई म्हटलं की अशा होतात.

रिक्षात त्यांनी विचारलं, "कसं होतं गं?" मी सगळं सांगितलं. रंग, उंची, गाणी. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"सदानं सांगितलं असतं तर भिजल्यासारखं वाटलं असतं," म्हणाल्या.

एरवी मी उलट बोलले असते. पण हे मंडईतून आले तरी असं वर्णन करायचे की घरात कोथिंबिरीचा वास सुटायचा. मला ते येत नाही... मलाही ह्यांच्याकडूनच ऐकायचं होतं.

तर संयोजक महाशय, येत्या शनिवारी पुन्हा शो आहे असं तुमचाच फ्लेक्स सांगतो. आम्ही येणार आहोत. कारंजं आधी होईल, सत्कार नंतर. आणि कडेची एक खुर्ची आडवी राहील, तिला कितीही चांगल्या मनानं कुणी हात लावणार नाही. एवढं मला लेखी हवंय, शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत.

अक्षर कसंही चालेल, वाचून दाखवायला मी आहे. उशीर मात्र चालणार नाही.