भाकरीच्या मापाची घंटा

सारूबाईंच्या हातची घंटा माझ्यामुळे गेली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं हसत वाचणाऱ्याला मी फसवलं असं होणार नाही.

पारनेरच्या वाटेवर, सरकारी मदत न घेता चालणाऱ्या आमच्या वसतिशाळेत मी लढाईच्या दिवसांत गणित शिकवायला लागलो. सारूबाई तिथं स्वयंपाक करीत आणि तासांची घंटाही देत. घंटा म्हणजे कडुलिंबाला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. शाळेत घड्याळ एकच, तेही मुख्याध्यापकांच्या खिशात, आणि मुख्याध्यापक बहुधा देणग्यांसाठी परगावी. म्हणून बाईंनी आपलं माप ठरवलं होतं: पंचवीस भाकरी झाल्या की तास संपला. पिठाच्या हातांनीच बाहेर येऊन बाई त्यावर लोखंडी दांड्याने टोला हाणीत. "मॅट्रिक झालेली गुरुजी मानसं माझ्या टोल्यावर उठत्यात-बसत्यात," हे त्या प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवीत. मलाही ऐकवलं.

सरपण ओलं असलं की तास लांबे. भूगोलाचे गुरुजी मग एका तासात हिमालय उतरून लंकेपर्यंत पोचत. माझं उलटं होई. माझ्या तासाआधी पोरं वाळक्या काटक्यांचे भारे आणून चुलीपाशी टाकत. जाळ भडके, भाकरी भराभर उतरत आणि फळ्यावर त्रैराशिक अर्धं असतानाच टोला पडे. तक्रार केली तर म्हणाल्या, "पोरं सेवा करत्यात, तुमचं का पोट दुखतं?"

पोट खरंच दुखलं. शाळेचं एक हस्तलिखित मासिक होतं. त्यातले लेख शनिवारच्या सभेत सगळ्यांसमोर वाचले जात. मी 'भाकरीचे घड्याळ' असा लेख लिहिला आणि खाली सही केली, 'एक विद्यार्थी'. सभा हसून लोळली. सारूबाईही हसल्या. पाहुणे म्हणून आलेले एक देणगीदारही हसले, आणि पंधरा दिवसांत त्यांनी नगरहून भिंतीवरचं घड्याळ पाठवून दिलं. घंटा गणिताच्या शिक्षकाकडे, म्हणजे माझ्याकडे आली. बाईंनी दांडा पदराने पुसला, माझ्या हातात दिला आणि आत गेल्या.

पहिल्याच दिवशी मी बाराच्या ठोक्याला जेवणाची घंटा दिली. साठ मुलं ताटं घेऊन बसली. टोपलीत भाकरी अकरा. आतून आवाज आला, "घड्याळात वाजलं असतील बारा, गुरुजी. तव्यावर अजून न्हाई वाजलं."

पोरं हसली. बाई मात्र हसल्या नाहीत. पुढे चित्रकलेचे नवे शिक्षक आले, तेव्हा मी मुद्दाम कान देऊन होतो. सारूबाईंनी त्यांना एवढंच विचारलं, "किती भाकरी खाता?"

ते मला सोसवेना. चुलीपाशी जाऊन म्हणालो, "सारूबाई, तो लेख माझा होता."

"ठाव हाय. सरपनाचा येवढा राग दुसऱ्या कोनाला असनार?"

"मला माफ करा."

त्यांनी भाकरी उलटली. "हसं समद्या सभेत केलंत, आन् माफी चुलीमागं व्हय?"

पुढच्या शनिवारी मी सभेत उभा राहिलो. दांडा बाईंपुढे ठेवला आणि म्हणालो, "'भाकरीचे घड्याळ' मी लिहिलं, आणि पोरांच्या आड लपलो. सारूबाईंच्या घंटेत काही खोट नव्हती. माझं गणितच इतकं कंटाळवाणं होतं की त्यातून सुटायला मुलं सरपण वाहत होती. बाई, मला माफ करा."